‘कार्ड ब्लॉक करा’ हा सल्ला चुकीचा का आहे

‘फ्री ट्रायल घेतलीत की अडकलात. अटी मान्य केल्या म्हणजे दरमहा पैसे कापायचा हक्क कंपनीला मिळाला. पंधरा हजारांपर्यंत बँकही विचारत नाही. तक्रारीला वकील लागतो. उपाय एकच, कार्ड ब्लॉक करा.’ अशा आशयाचा मेसेज सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. हेतू सावध करण्याचा असेलही. पण तो वाचून माणूस स्वतःचे हक्क न वापरताच सोडून देतो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ पंधरा हजारांवरून होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ठरावीक मुदतीने आपोआप जाणाऱ्या ₹15,000 पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, एवढं खरं. पण ओटीपी न मागणं वेगळं आणि न कळवता पैसे कापणं वेगळं. कार्डावर ई-मँडेट, म्हणजे ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापण्याची परवानगी, नोंदवताना ओटीपी द्यावाच लागतो. त्यानंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचं असतं: कोणती कंपनी, किती रक्कम, कोणत्या तारखेला. तेवढा हप्ता किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोयही त्या सूचनेसोबत द्यावी लागते. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे सक्तीचं आहे. आपण मात्र तो एसएमएस कर्जाच्या आणि सेलच्या जाहिरातींबरोबर न वाचताच पुसून टाकतो. नकार देण्याची सर्वात सोपी वेळ तिथेच निघून जाते.

कार्ड ब्लॉक करून काय होतं? यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरून आपोआप पैसे जाण्याची सोय, थेट बँक खात्यावर चालतं, त्यामुळे त्याला धक्काही लागत नाही. उलट त्याच कार्डावरून जाणारा विम्याचा हप्ता चुकू शकतो. ॲप मोबाइलमधून काढून टाकल्यानेही सदस्यत्व संपत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथून मँडेट रद्द करा. कार्डाचं असेल तर बँकेच्या सूचनेतून किंवा नेटबँकिंगमधून. ॲप स्टोअरमधून घेतलेलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून. शिवाय कंपनीकडेही सदस्यत्व रद्द करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण मँडेट थांबलं तरी वर्षभराचा करार केला असेल तर देणं शिल्लक राहू शकतं.

‘अटी मान्य केल्या म्हणजे संपलं’ हेही खरं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ॲप-वेबसाइटवरच्या ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांवर, बंदी घातली. त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे: रद्द करण्याचं बटण लपवणं, ती प्रक्रिया मुद्दाम लांबवणं, आणि फुकट सदस्यत्वासाठी कार्डाचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने मागणं. म्हणजे मेसेज ज्याला ग्राहकाची चूक म्हणतो, त्यातला बराचसा भाग नियमानुसार कंपनीची चूक आहे! बंदी आली तरी बटणं लपवणं थांबलेलं नाही, हे मान्य. पण म्हणूनच तक्रारी नोंदवल्या जायला हव्यात.

आणि त्यासाठी वकील लागत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. बँकेने आगाऊ सूचना दिली नसेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. जिल्हा ग्राहक आयोगात, वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ₹5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. कंपनी बेंगळुरूची असली तरी सांगलीच्या ग्राहकाला सांगलीतच दाद मागता येते.