तक्त्याचा फोटो पाठवू नका

आज सकाळी ऑफिसच्या मेलवर एक तक्ता आला. विषयात 'अतितातडीचे', आत एकच ओळ, 'सोबतचा गोषवारा तपासून आजच उलट टपाली कळवावे', आणि तिच्याखाली फोटो. मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेला. वर ट्यूबलाइटचा पट्टा चमकतोय आणि उजवीकडचा 'एकूण'चा रकाना अर्धा बाहेर गेलाय.

सकाळपासून डोकं फिरलंय माझं. जेवणं आटोपून आता लिहायला बसलेय, त्यामुळे लांबणार आहे.

मेल माझ्या नावाने नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात त्यांच्या नावाने होता. त्यांना लहानपणापासून दिसत नाही. वयाने आणि नोकरीने माझ्याहून मोठे, मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. सेक्शनचे महिन्याचे सगळे तक्ते तेच तपासतात, कारण आकड्यांत त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. कॉम्प्युटरवर जे लिहिलेलं असतं ते स्क्रीन रीडर त्यांना कानात वाचून दाखवतो. आजच्या मेलमधलं त्याने काय वाचलं? ती एक ओळ, आणि पुढे 'ग्राफिक'. संपलं. दादांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, जरा वाचून दाखवता का?"

दाखवलं. कापलेला रकाना फोन करून विचारून घेतला. काम झालं, दादा आपल्या पुढच्या कामाला लागले. धुमसतेय ती मी. अहो, ज्या माणसाने तो फोटो काढला त्याच्यासमोर त्याच मॉनिटरवर एक्सेलची फाइल उघडी होती! फोटोत दिसतेय ती. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, मेलमध्ये येऊन कंट्रोल-व्ही, आणि तक्ता जसाच्या तसा मेलमध्ये उतरला असता. त्याऐवजी खिशातून मोबाइल काढा, फोटो काढा, तो कॉम्प्युटरवर आणा, मेलमध्ये घाला. दुप्पट कष्ट घेतले आणि ज्याला पाठवायचं त्याच्याच उपयोगाचं काही उरलं नाही.

मला त्या मार्चअखेरची संध्याकाळ आठवते. मी या सेक्शनला नवीन होते. ताळेबंदाची धावपळ, आणि नेमका माझा माउस बंद पडला. साहेब बाहेरगावी होते, त्यांना शाखावार थकबाकीचा तक्ता मेलमध्येच लिहून हवा होता, अटॅचमेंट नको. मी माउस टेबलावर आपटत होते. दादा शेजारून म्हणाले, "ताई, तो ठेवा बाजूला. त्याचं काय काम आहे?"

मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. "नव्या ओळीवर प्लसचं चिन्ह दाबा. आता चार-पाच डॅश. परत प्लस. परत डॅश. जितके रकाने हवेत तितकं करा, शेवटी प्लस. आता एंटर." आणि त्या चिन्हांच्या जागी मेलमध्ये आखलेला तक्ता उभा! आमच्याकडे कॉम्प्युटरवर बसवलेलं जुनं आउटलुक आहे. त्यात मेल लिहायला २००७ पासून वर्डचंच इंजिन वापरलं जातं, म्हणून वर्डमधल्या तक्त्याच्या खुब्या तिथे चालतात. हे मला त्या दिवशी कळलं. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, सर्टिफिकेट सेवापुस्तकात नोंदवलेलं, पण हे कुणीही शिकवलं नव्हतं.

"अनुक्रमांक लिहा, टॅब. शाखेचं नाव, टॅब. रक्कम, टॅब." ओळ संपली की आपोआप पुढच्या ओळीत. मागे यायचं तर शिफ्ट-टॅब. शेवटच्या चौकटीत पोचले आणि विचारलं, आता नवी ओळ कशी घालू? "टॅबच दाबा." खाली कोरी ओळ तयार. तेवढ्यात साहेबांचा फोन, सर्वात जास्त थकबाकीची शाखा वर घ्या. मी म्हटलं, झालं, आता सगळं परत टाइप करा. दादा म्हणाले, "त्या ओळीत जा. आल्ट आणि शिफ्ट धरून वरचा बाण दाबत राहा." अख्खी ओळ आकड्यांसकट एकेक पायरी वर चढत गेली. नको असलेली ओळ काढायची होती, तेव्हा त्यांनी आधीच सांगून ठेवलं: ओळ निवडून डिलीट दाबलंत तर नुसतं आतलं पुसलं जाईल, चौकट तशीच राहील, ओळच काढायची तर बॅकस्पेस.

ज्यांनी आयुष्यात स्क्रीन पाहिलेली नाही त्या माणसाने मला स्क्रीनवर तक्ता आखायला शिकवला. तोही इतक्या शांतपणे, की मार्चअखेर आहे हे मी विसरले. त्याच माणसाला आज तक्त्याचा फोटो पाठवला गेला. समजतंय ना मी का चिडलेय?

हे सगळं कीबोर्डचं पुराण का सांगतेय? कारण तुम्हीआम्ही हात सोयीने कधी माउसवर ठेवतो, कधी कीबोर्डवर. दादांना माउसचा बाण स्क्रीनवर कुठे फिरतोय ते कळत नाही, त्यामुळे त्यांचं सगळं काम दहा बोटांवर. ते एनव्हीडीए वापरतात. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याच्या जोडीला आला. तेव्हा असली सॉफ्टवेअर इतकी महाग असायची की दिसणाऱ्यापेक्षा न दिसणाऱ्याला कॉम्प्युटर कितीतरी जास्त महागात पडायचा. या दोघांनी हे फुकट वाटलं, आजही फुकट आहे, आणि मराठीही वाचतं. तक्त्यात शिरलं की कंट्रोल आणि आल्ट धरून बाण दाबायचे: उजवीकडे गेलात तर पुढचा रकाना, खाली गेलात तर त्याच रकान्यातली खालची चौकट, आणि कुठल्या ओळीत, कुठल्या रकान्यात आहात तेही सांगतं. दादा हे इतक्या वेगाने ऐकतात की हेडफोन मी लावला तर एक शब्द कळत नाही. एका रकान्यातून सरळ खाली उतरत बेरीज मनात करत जातात आणि शेवटी म्हणतात, "ताई, सातव्या ओळीत काहीतरी गडबड आहे." गडबड असतेच.

पण त्यासाठी तक्ता खरा तक्ता हवा. स्पेसबार दाबदाबून सरळ दिसतील असे लावलेले आकडे चालत नाहीत. दिसायला नीटनेटके म्हणून चार चौकटी एकत्र जोडून मोठे मथळे करतात, तेही नको, कारण रकान्यातून खाली उतरताना तिथे वाट चुकते. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेला तक्ता तर नकोच नको. आपल्याला पडद्यावर 'ठेवी' दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि दादांच्या कानात तोच अर्थहीन पाला पडतो. २०२५ उलटून गेलं तरी कार्यालयांतून असले मेल येतात. याला काय म्हणायचं?

उलट जुन्या कारकुनांची एक सवय किती योग्य होती बघा. चौकट रिकामी सोडायची नाही, काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. मला आधी ही सरकारी खोड वाटायची. दादा म्हणतात, रिकामी चौकट आली की मला कळत नाही, आकडा नाही की भरायचा राहिलाय. 'निरंक' ऐकलं की प्रश्न मिटतो. आमच्या सेक्शनमध्ये आता प्रत्येक रिकाम्या चौकटीत निरंक असतं, आणि ते लावून धरलंय दादांनी.

आता कमेंटमध्ये काय येणार ते ठाऊक आहे. 'पेस्ट केलं की फॉरमॅट बिघडतो.' बिघडतो कधीकधी, मान्य, दहा-बारा रकान्यांचा आडवा तक्ता मोबाइलवर तर फारच. मग फाइल जोडा ना! 'आकडे कुणी बदलू नयेत म्हणून फोटो.' एक्सेलमधूनच पीडीएफ करा, प्रिंट काढून स्कॅन करू नका. 'एनव्हीडीएमध्ये फोटोतली अक्षरं ओळखायची सोय आहे की.' आहे. इन्सर्ट धरून आर दाबलं की ते फोटोतला मजकूर वाचायचा प्रयत्न करतं. पण ओळीमागून ओळी मिळतात, रकाने हरवतात. समोर चार आकडे आले, त्यातली ठेव कुठली, कर्ज कुठलं, थकबाकी कुठली? आणि फोटोत ट्यूबलाइट असेल तर तेवढंही नाही. या सोयीच्या भरवशावर दुसऱ्याचा अर्धा दिवस खायचा अधिकार कुणाला नाही.

कायद्याचं बोलायचं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण खरं सांगू, एक तक्ता नीट पेस्ट करून घेण्यासाठी मला घटनेपर्यंत जावं लागावं, याचंच वाईट वाटतं.

चीड फक्त आमच्या त्या कार्यालयाची नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीही काय कमी केलंय? गुगल शीट्समध्ये चौकटीच्या आतच खाली नवी ओळ हवी तर कंट्रोल-एंटर. जीमेलमध्ये तेच कंट्रोल-एंटर दाबलं की मेल गेला! आउटलुकमध्येही गेला. एका खिडकीतून दुसरीत आलेली बोटं तीच असतात, आणि अर्धवट तक्ता साहेबांच्या हातात पडतो. जीमेलमध्ये 'पाठवलेलं मागे घ्या' आहे, ५ पासून ३० सेकंदांपर्यंत मुदत वाढवता येते. सेटिंगमध्ये जाऊन ती ३० करून घ्या, आत्ताच. आणि कंट्रोल-एफ? सगळ्या जगात शोधायला. आउटलुकमध्ये दाबलं की मेल फॉरवर्ड होतो. का, तर चाचणीच्या काळात वापरणाऱ्या एकाने तशी मागणी केली, आणि तो एक जण बिल गेट्स होता, असं मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेनने लिहून ठेवलंय. मोठ्या माणसाच्या बोटांना सोयीचं झालं. दादांसारख्यांनी मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी बाराखडी पाठ करायची, आणि नवीन आवृत्ती आली की परत पहिल्यापासून. ते करतातही. कधी कुरकुर ऐकली नाही मी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. संध्याकाळी निघताना मी दादांना म्हटलं होतं, मी आज त्या माणसाला फोन करून झापणार आहे. ते म्हणाले, "त्याला कुणी शिकवलंच नसेल हो, ताई. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं मार्चमध्ये?" खरं आहे ते. मला शिकवायला शेजारी दादा होते, त्याच्या शेजारी कुणी नसेल. त्याच्यावर वरून दबाव असेल, साडेदहाला मागितलेलं पावणेअकराला हवं असेल. इतपत मी मानते. पण एकदा सांगितल्यावरही फोटोच आला, तर फोन नक्की करणार आहे.

झापायचं सोडून मी आता सगळ्या शाखांना पाठवायच्या मेलचा मसुदा केलाय. साधंच आहे सगळं, तुमच्याही ऑफिसच्या ग्रुपवर टाका. एक्सेलमधला तक्ता कॉपी करून मेलमध्ये पेस्ट करावा, फोटो किंवा स्क्रीनशॉट लावू नये. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असावीत. चौकटी जोडू नयेत. रिकाम्या चौकटीत 'निरंक' लिहावं. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. नुसता लाल रंग देऊन थकबाकी दाखवू नये, शेजारी 'थकीत' असा शब्दही लिहावा. हे दादांनी घालायला लावलं, मला सुचलं नव्हतं. आणि फिरतीवर आहात, हातात फक्त मोबाइल आहे, फोटोशिवाय इलाजच नाही, अशी वेळ आली तर फोटोखाली निदान शाखेचं नाव आणि एकूण रक्कम टाइप करून पाठवा, बाकीचा तक्ता ऑफिसात पोचल्यावर त्याच दिवशी.