बिनकामाचं कुठं जायचं?

सोलापुरात सात रस्त्याच्या टपरीपाशी आमचा कट्टा भरतो. परवा गोव्याचा विषय निघाला आणि नेहमीसारखा बारगळला. मल्लूचं किराणा दुकान, श्रीनूचे टॉवेलचे माग, इरफानची फिरतीची नोकरी, सरांचा गुडघा. चौघांची तारीख जुळली तर पाचवा मीच अडकलेला. शेवटी इरफान वैतागून म्हणाला, "गोव्याचं राहू द्या. इथलं तरी काय बघितलंय आपण? मी रविवारी पहाटे नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यात जाऊन आलो."

"माळढोक दिसला?" सरांनी विचारलं.

"नाही. काळवीट दिसले."

"मग कशाला गेलास बे?" मल्लू हसत म्हणाला. "पेट्रोल जाळून हरणं बघायला?"

इरफानला ते लागलं. एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सुटलाच. गवत वाळून पिवळं पडलेलं, ऊन नुकतं वर येत होतं. कळप चरत होता. ह्यानं गाडी बंद केल्याबरोबर सगळ्यांच्या माना एकदम वर, सगळे एकाच बाजूला बघतायत. मग एका मादीनं जागच्या जागी उडी घेतली, चारी पाय जमिनीवरनं सुटलेले, आणि तिच्यामागं एकेक करत सगळा कळप उडत गेला. "अर्धा मिनिट चाललं असेल. नऊ वाजता घरी येऊन नाश्ता केला."

सर म्हणाले, "अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. आता तो दिसणं म्हणजे नशिबाची गोष्ट. पण माळ आहे की अजून."

"तुम्हाला जमतं," मल्लू म्हणाला. "माझं शटर सकाळी सातला वर, रात्री दहाला खाली. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, त्या दिवशी घर सोडायची सोय नाही. उन्हाळ्यात बाहेर पडलं तर डोकं भाजून निघतंय. वेळ आणायचा कुठनं?"

"आणि रोज हितं तासभर बसतोस, तो कुठला वेळ?" श्रीनूनं टोला हाणला.

"कट्टा वेगळा. कट्ट्यावर बसलेल्याला कोण विचारतंय, का बसलास म्हणून?"

मल्लू हे सहज बोलून गेला, पण मला वाटतं खरी मेख तिथंच आहे. वेळ नाही हे आपण स्वतःला सांगतो. खरं म्हणजे निमित्त नसतं. आपल्याच गावात मोठ्या माणसानं बिनकामाचं हिंडायचं म्हणजे लोकांना चैन पडत नाही. जुळे सोलापुरातला माणूस हातात पिशवी नसताना पूर्व भागात दिसला की ओळखीचा कोणीतरी थांबवणारच: "इकडं कुठं? काय काम काढलं?" त्यावर "काही नाही, सहज" म्हणून बघा. समोरचा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, धंदा बसला वाटतं, नाहीतर घरी वाजलंय. गोव्यात हे विचारणारं कोणी नसतं, म्हणून तर तिथं माणूस दिवसभर उगाच चालतो.

मी हे बोलून दाखवलं तर मल्लूच अंगावर आला. "मी काय लोकांना भितो का? दरवर्षी कोजागरीला तुळजापूरला चालत जातो की! रात्रभर!"

"जातोस. वाटेत हिप्परग्याचा तलाव लागतो. कधी थांबलास?"

"दर्शनाला चाललेला माणूस तलावावर कशाला थांबेल?"

"तेच म्हणतोय मी."

आदिला नदी अडवून १८७१ मध्ये पुरा झालेला हा एकरूख तलाव. तुळजापूरच्या वाटेवरनं जाताना आपण सगळ्यांनी तो खिडकीतनं बघितलेला असतो. बांधावर उभं राहिलेले किती, तर कट्ट्यावरच्या पाच जणांत एकही नाही. मल्लू तर तिथनं पायी जातो, आणि त्याला विचारलं तर पाणी कुठल्या हाताला लागतं हेही आठवेना. रात्र असते म्हणाला. असेल.

सरांनी मग वेगळाच मुद्दा काढला. "सोलापूरकरांची ही सोय सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकातच करून ठेवली. गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. त्यांच्याच गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आधी, नंदीध्वजांच्या उंच काठ्या त्या सगळ्या लिंगांना जाऊन येतात. मल्लू, तू बाराबंदी घालून त्यांच्यामागं ज्या गल्लीबोळांतनं चालतोस, तिथं उरलेल्या वर्षात एकदा तरी फिरकतोस का?"

"सर, ते देवाचं आहे. त्याला फिरणं म्हणू नका."

इथं मी मल्लूच्या बाजूचा. यात्रेला सहल म्हणणं हे मास्तरी शहाणपण झालं. पण सरांच्या बोलण्यातलं एक खरं, की कारण असलं तर हेच पाय, हेच गुडघे निमूट चालतात. मग कारण छोटं का चालत नाही?

श्रीनू म्हणाला, "चालतंय की. ह्याला विचार." म्हणजे मला. श्रीनूला त्याच्या मावसभावाकडनं चादरी आणायच्या होत्या, मी पिशव्या उचलायला म्हणून बरोबर गेलो. लग्नात आहेराला चादर, पाहुणा निघाला की चादर, असं आयुष्य गेलं. चादर विणताना बघितली नव्हती. आत शिरल्यावर आधी कानच बसतात, बोलायचं ते ओरडून. मागाच्या वर जेकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, त्यावरनं पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते, पत्त्याला पत्ता दोऱ्यानं बांधलेला. पत्त्यात भोक असलं की त्या जागचा ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, भोक नसलं की खालीच राहतो. आडवा धागा एकदा गेला की पुढचा पत्ता. चादरीवरचं फूल म्हणजे त्या भोकांचा हिशेब. एक पत्ता फाटलेला होता. मावसभावानं तोंडात दोरा धरून मिनिटभरात तो जोडला, माग परत सुरू. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. तेवढ्यात तिथला एक ओळखीचा आलाच. "इकडं कुठं?" हातातल्या पिशव्या दाखवल्या. सुटलो!

"म्हणजे पिशवी घेऊन हिंडायचं," मल्लू म्हणाला.

"नाहीतर धाडस करायचं," सर म्हणाले आणि आनंद कुंभारांवर आले. सोलापूरचाच माणूस, जिल्ह्यातली खेडी पालथी घालून हयातभर शिलालेख शोधत राहिला. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०चा, म्हणजे १०१८चा लेख त्यांनी उजेडात आणला. मराठीतल्या जुन्यांत जुन्या लेखांत तो मोजतात. हे वाचेल तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ. "किती गावांत लोकांनी विचारलं असेल, काय काम काढलं म्हणून? दगड बघायला आलोय, हे उत्तर द्यायला छाती लागते."

"ते संशोधक होते सर," मल्लू म्हणाला. "मी दगड बघून काय करू? मला काय वाचता येणार त्यातलं?"

हा प्रश्न मला रास्त वाटला. सगळ्यांनी संशोधक व्हावं असं थोडंच आहे. सरही क्षणभर गप्प झाले. इरफान म्हणाला, "नाही आलं वाचता तर नाही. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात तीनशे एकोणसाठ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, ते बघ. मुखं तर दिसतात ना? नाहीतर नदीवर बस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो. सकाळी निघून दुपारी परत."

"रविवारी पाणी आहे."

"शनिवारी जाऊ."

"शनिवारी दुकान…" मल्लू थोडा घुटमळला. "पोराला बसवतो दुकानात. पण घरी काय सांगू? कुडलला कशाला चाललाय म्हणेल."

"संगमेश्वराच्या दर्शनाला म्हण."

"मग ती पण येते म्हणेल की!"

"येऊ दे की बे," श्रीनू म्हणाला. "तुला निदान कट्टा तरी आहे."

मल्लूनं ग्लास खाली ठेवला. "ती आली तर शेजारच्या वहिनी पण येतील. त्यांचं कधीचं चाललंय, कुठंतरी जाऊ म्हणून."

"मग मोटारसायकलवर भागायचं नाही," इरफान म्हणाला. "जीप सांगावी लागेल."