सर्टिफिकेटची मुदत तुमच्याच टेबलावर संपली!

इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या परवान्याचा अर्ज आज परत आला. त्रुटीपत्रात एकच ओळ: मेगरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची मुदत संपलेली आहे. मेगर म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणि ते बरोबर मोजतं याचा लॅबने दिलेला कागद म्हणजे हे सर्टिफिकेट. वाचलं आणि आग मस्तकात गेली. अहो, अर्ज भरला तेव्हा त्या सर्टिफिकेटला महिने बाकी होते! ती मुदत माझ्या घरी नाही संपली, माझ्या दुकानात नाही संपली. तुमच्या टेबलावर, तुमच्या गठ्ठ्यात, तुमच्या डोळ्यांदेखत संपली. आणि त्रुटी माझी?

खिडकीवर जाऊन विचारलं. समोरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "छाननीच्या दिवशी सर्टिफिकेट चालू पाहिजे."

"छाननी कधी होणार ते मला कसं कळणार?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

"मग मी चालू सर्टिफिकेट लावायचं तरी कुठल्या तारखेचं?"

"नवीन काढा आणि परत टाका."

परत टाका! एवढं सहज. नवीन काढायचं म्हणजे मेगर खोक्यात भरून लॅबला पाठवायचा, तोही एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबला, कारण दुसरीकडचा कागद चालत नाही. तो परत येईपर्यंत कामं अडणार. अर्थिंग मोजायच्या अर्थ टेस्टरचं सर्टिफिकेटही मेगरच्याच आसपास काढलेलं, म्हणजे पुढची त्रुटी त्याची. तोवर दुकानाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपेल. तो नवा करून नोंदवेपर्यंत एखाद्या वायरमनच्या परवान्याचं नूतनीकरण येईल. माझ्या फाइलमधला प्रत्येक कागद आपापल्या तारखेला मरतो, आणि साहेबांना ते सगळे एकाच दिवशी जिवंत हवे असतात. तो दिवस कोणता, हे फक्त साहेबांना ठाऊक, आणि साहेब मीटिंगला गेलेले असतात.

कोणी म्हणेल, मग परवाना नकोच का? हवा! शंभर वेळा हवा. वायरिंग हे गल्लीतल्या कुठल्याही पोराने पकड-टेस्टर घेऊन करायचं काम नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम ४५ मी शिकाऊ असताना पाठ केलाय. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडेही परमिट पाहिजे. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, मग २०२३ मध्ये नवे आले. गाभा तोच राहिला. राहायलाच हवा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, आणि ती वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की त्या घराचं अर्थिंग कोणी तपासलं होतं?

तपासणं म्हणजे काय हे या खिडकीवाल्यांनी एकदा सोबत येऊन बघावं. मेन बंद करायचा. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधायचे, घरातले सगळे स्विच चालू करायचे, मेगरचं एक टोक त्या जोडीला, दुसरं अर्थला. मग हँडल एका गतीने फिरवत राहायचं. ५०० व्होल्ट डीसी, पूर्ण एक मिनिट. काटा १ मेगाओहमच्या खाली आला तर वायरिंगला पास म्हणायचं नाही. भिंतीत ओल असेल, कोणी पाइपमध्ये जोड दाबून ठेवला असेल, खिळा ठोकताना वायर सोलली असेल, तर काटा सुरुवातीला वर जातो आणि मग हळूहळू घसरायला लागतो. ते घसरणं डोळ्यांनी बघावं लागतं. मग एकेक सर्किट सुटं करत दोष शोधायचा. कधी पूर्ण दुपार जाते त्यात. घरमालक वैतागतो, "लाइट तर लागतेय ना, मग कशाला खोदताय?" तरी खोदायचं. हे मी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या परवान्याखाली केलंय. स्वतःच्या सहीने करायचं म्हणतोय, तर काटा कुठे थांबतो हे बघायला कोणी येत नाही. सर्टिफिकेटवरची तारीख मात्र सगळे बघतात.

आणि खरी तिडीक इथेच आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांतले काही काय करतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वायरिंग तपासल्याचे टेस्ट रिपोर्ट विकतात! घर न बघता. कोरा फॉर्म, खाली सही-शिक्का तयार, नाव आणि पत्ता तुम्ही भरा. मी स्वतः असे रिपोर्ट हातात घेऊन पाहिलेत. इन्सुलेशनचं रीडिंग सगळ्या घरांना एकच. अर्थिंगचंही एकच, काळ्या मातीतलं घर असो नाहीतर मुरमावरचं, नवा बंगला असो नाहीतर ओल आलेली जुनी खोली. मुरमात पुरलेल्या साध्या इलेक्ट्रोडला काळ्या मातीसारखं कमी रीडिंग मिळत नाही हो! पावसाळ्यातलं रीडिंग उन्हाळ्यात राहत नाही. कागदावर मात्र बारमाही १.२ ओहम. त्या रिपोर्टवर मीटर बसतो, घरात गिझर लागतो, आणि त्याखाली लहान पोरं अंघोळीला उभी राहतात.

सुपरवायझरचंही तेच. सर्टिफिकेट भाड्याने. माणूस राहतो भलत्याच गावात, कागदावर नेमणूक इथे, साइटवर कधी पाय ठेवलेला नाही. नियमात "प्रत्यक्ष देखरेख" असं स्वच्छ लिहिलंय. त्यांची फाइल मात्र चकाचक, सगळ्या तारखा जुळलेल्या, त्यामुळे सुरळीत पास. मी माझ्या सुपरवायझरला खरा पगार देतो, तो रोज साइटवर असतो, आणि त्याच्या नेमणूकपत्रावर त्रुटी काय निघाली होती मागच्या वेळी? नावाचा क्रम! दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. "ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या." अख्ख्या महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, आणि तुम्हाला त्यात दोन माणसं दिसतात?

बरं, प्रतिज्ञापत्र द्यायलाही ना नाही. पण ते स्टँप पेपरवरच हवं. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलंय. आदेशाची प्रत सोबत नेली होती. ती बघितलीसुद्धा नाही. "आमच्याकडे स्टँपवरच घेतात." आमच्याकडे म्हणजे कुठे? तुम्ही या राज्याच्या बाहेर आहात का?

दुकान परवान्याचंही असंच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांना नोंदणीतून सोडलं, नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती पावती लावली. तर म्हणे, "हे नको, नोंदणी प्रमाणपत्र लावा." जे कायद्याने मला मिळूच शकत नाही, ते आणू कुठून? वर कागद स्वयंसाक्षांकित करायला लावायचे आणि तरी प्रत्येक वेळी मूळ प्रती घेऊन बोलवायचं. आणि पोर्टल! फाइल अमुक केबीच्या आत बसवायची, म्हणून स्कॅन इतका बारीक करायचा की अक्षर पुसट होतं, मग त्याच पुसट अक्षरावर "अस्पष्ट प्रत" अशी त्रुटी. दोन्ही बाजूंनी मार आमच्याच पाठीवर.

यावर उपाय म्हणून २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा दाखवतात. कायदा चांगला आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण मुदत मोजायची परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे शेवटच्या आठवड्यात एक त्रुटी काढली की अर्ज अपूर्ण, दिवस पुन्हा पहिल्यापासून, दंड कोणालाच नाही. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कधीच का येत नाहीत, याचं उत्तर मला इथेच दिसतं. एकावेळी एकच. नावाची झाली, मग दुकानाची, आता मेगरची.

अवघड काय आहे यात? अर्ज आला त्या दिवशी जो कागद चालू होता तो चालू धरा. सगळ्या त्रुटी पहिल्याच पत्रात लिहा. आणि एक माणूस साइटवर पाठवा, माझ्या हातात मेगर द्या, समोर उभं राहून रीडिंग बघा. नापास झालो तर परवाना देऊ नका, मी तोंडातून शब्द काढणार नाही. आणि तसाच एक माणूस त्या १.२ ओहमवाल्यांच्या घरीही पाठवा.

मेगर उद्या लॅबला जाईल, दुसरा इलाज नाही. सोबत माहितीच्या अधिकाराचा अर्जही जातोय, दहा रुपयांचं तिकीट लावून. माझी फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या टेबलावर होती, त्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि त्याने तिच्यावर काय शेरा मारला, एवढंच विचारलंय. तीस दिवसांत लेखी उत्तर पाहिजे. नाही आलं तर अपील.