'हौशी' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

टर्नटेबलच्या (म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या) पोस्टवर खूप जणांनी हळहळ व्यक्त केली, काहींनी फोन केले, सगळ्यांचे मनापासून आभार. पण काल रात्री एक प्रतिक्रिया आली आणि तिला उत्तर दिल्याशिवाय मला राहवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी पुण्याहून नागपूरला मित्राकडे पाठवलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके टू हा टर्नटेबल कुरियरमध्ये आपटला, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) वाकला, मागचा उजवा कोपरा दबला. त्यावर हे गृहस्थ लिहितात की प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) वेगळ्या खोक्यात पाठवायला हवा होता, फोटोत एका बाजूला बबलरॅपचे चार नाही, तीनच थर दिसतात, बुकिंगच्या वेळी पूर्ण किंमत लिहिली होती का ते मी सांगितलेलं नाही, आणि शेवटी, "खोक्यावर फ्रॅजाइलचं स्टिकर चिकटवलं की पॅकिंग झालं असं समजणाऱ्या हौशी लोकांचं असंच होतं."

हौशी! अहो, सांगलीत माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी सातवी-आठवीत असताना दुरुस्त झालेले व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) मर्फी रेडिओ एसटीने कोल्हापूरला पोचवायचो, मांडीवर घेऊन, कारण टपावर टाकला तर वडील घरात घेणार नाहीत हे माहीत होतं. व्हॉल्व्ह एकेक काढून वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वेगळ्या डब्यात ठेवायचे, ट्रान्सफॉर्मरची बाजू जड म्हणून ती कायम खाली, हे मला कुठल्या व्हिडिओने नाही शिकवलं. एकदा एक व्हॉल्व्ह माझ्या हातून फुटला होता तर त्याचे पैसे फिटेपर्यंत रविवारी दुकान मी झाडायचो. तेव्हा हौशी म्हणताना समोर कोण आहे ते जरा बघावं. तुमचं तर नावही नाही तिथे, नुसतं 'एक वाचक'.

आणि स्टिकरचं म्हणाल तर मूळ पोस्ट तुम्ही नीट वाचलेलीच नाही. हेडशेल (सुई बसवलेलं टोक) आणि काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) काढून छोट्या डबीत, आर्म रेस्टला लॉक करून वरून बांधलेला, डस्टकव्हर काढून वेगळं, डेक (टर्नटेबलचा मुख्य भाग) आतल्या फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच पदरी पुठ्ठ्याच्या, खोक्यात, तो खोका बाहेरच्या सेव्हन प्लायमध्ये, मध्ये सगळीकडून ईपीई, म्हणजे पॅकिंगचा लवचिक फोम. थर्माकोल मुद्दाम नाही वापरला, साडेबारा किलोच्या वजनाखाली त्याचा चुरा होतो आणि मग आत माल हलायला लागतो. पैसे वाचवले असंही कोणी म्हणू नये, कुरियरने बिल खोक्याच्या आकारावरून काढलेल्या वजनाचं लावलं. बाहेरचा खोका ६० बाय ५० बाय ३५ सेंटीमीटर, गुणाकार करा, ५००० ने भागा, २१ किलो येतात. प्रत्यक्ष वजन सोळाच्या आसपास होतं, मी एकवीसचं बिल भरलं, १४७० रुपये. ज्याला नुसतं स्टिकर चिकटवून मोकळं व्हायचंय तो पाच किलोचे जास्तीचे पैसे कशाला भरेल?

बाहेरच्या खोक्याचा कोपरा आत गेलाय, सात प्लायचा! ते नुसतं हलण्याने होत नाही, कोणीतरी तो खोका कोपऱ्यावर पाडलाय, तेही चांगल्या उंचीवरून. १९७९ चं मॉडेल आहे हे, २०१० मध्ये कंपनीने ही मालिकाच थांबवली होती, २०१६ ला परत आणली ती वेगळ्या मोटरची आणि वेगळ्या किमतीची. जुन्यातला चांगला सापडायला मला दोन वर्षं लागली होती, टोनआर्मच्या बेअरिंगला अजिबात प्ले (सैलपणा) नव्हता. तो असा बघून काय वाटतं हे तुम्हाला कळलं असतं तर 'असंच होतं' हे शब्द तुम्ही लिहिले नसते, आणि राग मला त्या शब्दांचाच आहे, मुद्दे काय, सभ्यपणे मांडले तर मी सगळे ऐकतो.

एक चूक मात्र मान्य. मी बबलरॅपचे चार थर लिहिले होते, फोटोत एका बाजूला तीनच दिसतायत. बरोबर आहे तुमचं, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय.

प्लॅटर त्याच खोक्यात होता, खरंय, डेकच्या खाली फोमच्या कप्प्यात. मॅटसकट दोन किलोचा असतो, खालच्या बाजूला मोटरचा मॅग्नेट असतो, दुसऱ्या खोक्यात पाठवला आणि तो गहाळ झाला तर उरलेला डेक फिरणारच नाही. मित्राने उघडलं तेव्हा तो कप्प्यातून थोडा सरकलेला होता, पण एवढं आपटल्यावर काहीही सरकेल. राहिलं किमतीचं. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर भाड्याच्या दहापटीपर्यंतच भरपाई, हा २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालचा नियम मलाही माहीत आहे. काउंटरवरच्या मुलाने "दहा हजार लिहा, नाहीतर बिलं मागतात" म्हटलं आणि मी लिहिले. त्याचा आणि खोका आपटण्याचा काय संबंध? दहा हजार लिहिलेला माल फेकायचा असतो का?

लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आहे, सोबत खोक्याचे सगळ्या बाजूंचे फोटो जोडलेत. अजून उत्तर आलेलं नाही. डेक नागपूरलाच आहे, मित्राला खोकासुद्धा टाकू नको म्हणून सांगितलंय.