तालमीला रात्री नऊला येणारी माणसं

राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संघांवरचा लेख आवडला, पण दिग्दर्शक आणि मुख्य नट यांच्यावरच संपला म्हणून लिहितोय. आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं तेव्हापासून नाटक इथल्या पाण्यात आहे असं म्हणतात, पण ते टिकवलं कुणी, तर बँकेत, शाळेत, दुकानात दिवसभर राबून रात्री नऊला तालमीला येणाऱ्यांनी.

मी आठ वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. विंगेत उभं राहून, टॉर्चवर रुमाल गुंडाळून, एक बोट ओळीवर आणि डोळे नटाच्या ओठांवर. एकदा आमच्या नाटकात सासूबाईंची भूमिका करणाऱ्या काकू भर प्रवेशात अडल्या, मी शब्द दिला, त्यांनी पदर सावरायचं निमित्त करून तो उचलला आणि प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही, त्या क्षणासाठी मी अजून जातो. काकू तेव्हा घरी आजारी नवऱ्याचं सगळं करून यायच्या.

आणि लेखकाची परवानगी, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, सर्टिफिकेट, नेपथ्याचा टेम्पो, ही धावपळ करणारा जो असतो ना तो स्टेजवर कधीच दिसत नाही, खर्चाला कमी पडलं की स्वतःच्या पगारातून घालतो आणि बायकोला सांगत नाही. पुढच्या लेखात प्लीज अशा एका तरी माणसाशी बोला, आणि तालमीच्या वेळी या, प्रयोगाला नको.