मुंबईत पुतळे बघायला जाताय? जरा जपून

सुट्टीच्या दिवशी टाऊनला जायचं ठरलं आणि डोक्यात कुठून तरी शिरलं की आज जरा जुने पुतळे बघू, तर आधी एक कटिंग घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने विचार जातो. नाहीच गेला तर पुढचं नीट वाचा.

सगळ्यात पहिलं म्हणजे पुतळा बघायचा नसतो. मुंबईत पुतळ्याखाली भेटायचं असतं, टॅक्सीवाल्याला सांगायचं असतं, फार फार तर त्याच्या चौथऱ्यावर बसून भेळ खायची असते. मान वर करून त्याचा चेहरा बघत उभं राहणाऱ्या माणसाला मागून येणारी गर्दी काय म्हणते ते इथे छापण्यासारखं नाही, शिवाय वर बघत चाललात की खाली उखडलेला पेव्हर ब्लॉक तुमची वाटच बघत असतो.

तरी सुरुवात करायचीच तर फाउंटनपासून करा. पत्ता हुतात्मा चौक, पण विचारताना फाउंटनच म्हणा, नाहीतर सांगणाराच गोंधळतो. ही फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी, 1864 पासून फोर्टात उभी आहे. मुळात तिला भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचा बेत होता. फुलांची देवी आणि बाग, म्हणजे कुणालाही पटेल असा, म्हणूनच बहुतेक बारगळला आणि बाईंना बँका नि ऑफिसांच्या मधोमध आणून उभं केलं. बरं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड स्टोन, तर आपण त्यावर वर्षानुवर्षं पांढऱ्या ऑइलपेंटचे हात मारले, कारण दगड तो दगडासारखा दिसून कसं चालेल. पुढे तज्ज्ञ बोलावून तोच रंग खरवडून काढला. आता छान दिसते. पण तुम्ही बघू नका, सिग्नल सुटतो.

तिथून काळ्या घोड्याला जा. याचं गणित फ्लोराच्या बरोबर उलटं. 1879 साली डेव्हिड ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससूनने प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, घोड्यावर बसलेला पुतळा शहराला भेट दिला. लोकांनी राजपुत्राकडे ढुंकूनही न बघता घोड्याचं नाव चौकाला देऊन टाकलं. एवढा खर्च करून आणलेल्या स्वारापेक्षा जनावर लक्षात राहिलं, यात मुंबईकराची गुणग्राहकता दिसते. 1965 मध्ये घोडा स्वारासकट तिथून हलवून कुठे नेला? राणीच्या बागेत. म्हणजे बागेसाठी ठरलेली देवी फोर्टात आणि फोर्टातला घोडा बागेत, कुठल्याही बदली खात्याला अभिमान वाटावा असा कारभार. मग पन्नासेक वर्षं चौकात घोडा नव्हताच, गाड्या लागायच्या, पण नाव काळा घोडाच राहिलं, एवढंच काय त्या नावाने आर्ट फेस्टिवलही सुरू झाला आणि कुणाचं काही अडलं नाही. 2017 ला तिथे नवा काळा घोडा बसवला, या खेपेला स्वाराशिवाय. पुन्हा हलवायचा झाला तर वजन कमी!

मधे हायकोर्ट लागेल. 1878 ची इमारत, आणि तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर एक माकड कोरलंय, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात न्यायाचा तराजू. कंत्राटावरून कुणाचा तरी राग होता, तो त्याने दगडात काढला अशी कथा सांगतात. मला विचाराल तर अख्ख्या शहरातलं सर्वात धाडसी शिल्प हेच, आणि म्हणूनच ते कुठल्याच चौकात नाही. ते बघायला खास आत जाऊ नका. ज्यांची तारीख असते ते तिथे बसून बसून आपोआप बघतात.

आता भायखळा. खडा पारशी बघायचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे त्याच्या बाजूने पुलावरून गाडीतून सुसाट जाणे. कर्सेटजी माणेकजी हे गृहस्थ उंच खांबावर उभे आहेत, मुलाने वडिलांची आठवण म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून घडवून आणलेला पुतळा, पायथ्याशी दिवे धरलेल्या चार जलपऱ्या. दूरवरून दिसावेत म्हणून एवढे उंच चढवले, तर आपण फ्लायओव्हरचे दोन फाटे काढून त्यांना बरोबर मधे धरलं, आता ते दोन्ही बाजूंचं ट्रॅफिक मोजतात. जलपऱ्या बघायच्या तर खाली उतरून रस्ता क्रॉस करावा लागतो, तेव्हा मृत्युपत्र वगैरे आधी करून ठेवलेलं बरं.

राणीच्या बागेत गेलात तर गुपचूप पेंग्विनच्या रांगेत लागा. बागेला लागूनच्या भाऊ दाजी लाड म्युझियमकडे वळायचा मोह आवरा. कारण तिथे बाहेरच घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तोच. 1864 मध्ये साहेबाने तो विलायतेला न्यायला उचलला आणि क्रेनवरून पडून त्याचे तुकडे झाले. साहेबाला तुकड्यांत रस नव्हता, म्हणून हत्ती आपल्याला मिळाला. 1914 मध्ये जोडून उभा केला, जवळ गेलात तर सांधे अजून दिसतात. मागच्या बाजूला एकेकाळचे लाटसाहेब ओळीने उभे, कुणाचं डोकं गेलंय, कुणाचे हात, सगळे रिटायर्ड लोकांसारखे एकमेकांशी न बोलता. राणी व्हिक्टोरियाही इथेच, सिंहासनाचा थाट जाऊन नुसत्या बसलेल्या. फोर्टात असताना 1896 मध्ये दामोदर चापेकरांनी त्यांना डांबर फासून चपलांची माळ घातली होती. एवढा इतिहास एका कोपऱ्यात, आणि गर्दी शून्य. सेल्फीला लाईट चांगला नसतो ना.

आणि हो, शिल्पकाराचं नाव शोधायच्या फंदात पडू नका. कोनशिलेवर माननीय अमुक, सन्माननीय तमुक, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, अध्यक्ष, स्थानिक नगरसेवक आणि त्यांच्या प्रेरणेने, एवढ्यांना बसवता बसवता दगड संपतो. गिरगाव चौपाटीवरच्या टिळकांच्या पुतळ्याजवळ उभं राहून आसपासच्या दहा जणांना विचारून बघा की हा कुणी केला. रघुनाथ फडके असं उत्तर आलं तर भेळ माझ्याकडून. माझे पैसे सुरक्षित आहेत.

चौपाटीवर आलाच आहात तर सगळ्यात भव्य पुतळा बघून घ्या. शिवस्मारक, म्हणजे समुद्रात व्हायचा शिवाजी महाराजांचा पुतळा. 24 डिसेंबर 2016 ला पंतप्रधानांच्या हस्ते याच समुद्रात जलपूजन झालं. याला तिकीट नाही, रांग नाही, कबुतरं नाहीत, रंग उडत नाही, पूल आडवा येत नाही. पाण्याकडे तोंड करून फोटो काढा, खाली 'कमिंग सून' लिहा आणि तोच फोटो दर निवडणुकीला परत टाका, नवा काढायची गरज पडत नाही.