इंफाळलाही समुद्र नाहीच की भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती, पण वेचणी सुरू आहे, रात्री फोन हातात घेतला की डोळे मिटतात, म्हणून उत्तर आज देतो. तुम्ही म्हणता आयएनएस इंफाळ या नौदलाच्या युद्धनौकेच्या चिन्हावर एवढं लिहायची काय गरज, कापसाच्या भावावर लिहा, विदर्भात कुठे आला समुद्र, अन् तसंही हे कोट ऑफ आर्म्स म्हणजे इंग्रजांची नक्कल, त्यात तो प्राणी चिनी ड्रॅगन वाटते.

आधी माझी चूक, लेखात मी त्या चिन्हाला कोट ऑफ आर्म्स म्हटलं होतं. कोट ऑफ आर्म्स घराण्याचा नाहीतर राज्याचा असते, ढालीवरचा. जहाजाचा बिल्ला असते तो क्रेस्ट, नौदलातले लोकही क्रेस्टच म्हणतात. साचा इंग्रजांकडून आला हेही खरं, त्यांच्याकडे १९१८ च्या सुमारास जहाजांच्या बिल्ल्यांना एकसारखे नियम लागले, आपण तीच पद्धत ठेवून वरती सारनाथचे सिंह बसवले.

पण आत काय आहे ते तर बघा ना. एका बाजूला इंफाळचा कांगला महाल अन् दुसऱ्या बाजूला कांगला-सा, शिंगंवालं ड्रॅगनचं डोकं, धड सिंहाचं. तो चिनी नाही भाऊ, मैतेई लोकांचा राखणदार आहे, मणिपूरचं राज्यचिन्ह आहे. कांगला किल्ल्यात त्याच्या दोन मोठ्या मूर्ती होत्या, १८९१ च्या युद्धात मणिपूर हरलं अन् इंग्रजांनी त्या फोडून टाकल्या. किल्ला मणिपूरच्या लोकांना परत मिळाला तो थेट २००४ मध्ये, मूर्ती मग नव्यानं उभ्या राहिल्या. अन् डिसेंबर २०२३ मध्ये तोच प्राणी माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या १६३ मीटर लांब, ७,४०० टनांच्या विनाशिकेवर बसून नौदलात आला. ज्यांनी फोडला त्यांचीच नक्कल कशी म्हणता हो? मला तर हे टाइप करतानाही अंगावर काटा येते.

अन् समुद्राचं म्हणाल तर मणिपूरला तरी कुठे आहे? म्हणूनच मला हा क्रेस्ट बाकीच्यांपेक्षा जवळचा वाटते. याच वर्गातल्या आयएनएस विशाखापट्टणमवर डॉल्फिन्स नोज टेकडीचं दीपगृह अन् काळवीट आहे, सुरतवर हजिऱ्याचं दीपगृह अन् गीरचा सिंह, म्हणजे गावाची एक खूण अन् तिकडचा एक प्राणी. इंफाळला दीपगृह कुठून आणणार, त्यांनी आपला महाल दिला.

आता आपल्याकडचं. चंद्रपूरला गेले असाल तर जटपुरा गेटखालून गेलाच असाल. पुढच्या वेळी गाडी बाजूला लावून दगडावर बघा, सिंह आहे अन् त्यानं हत्ती दाबून धरला आहे. ती गोंड राजांची निशाणी, इंग्रज यायच्या कितीतरी आधीची, बाकीच्या वेशींवरही आहे. मी लहानपणी बाबांसोबत बाजाराला जायचो तेव्हा विचारलं होतं की हत्ती एवढासा अन् सिंह एवढा मोठा कसा, तर बाबा म्हणाले, राजाला जे सांगायचं ते तो मोठं करते. क्रेस्ट वाचायला मी तिथून शिकलो, इंग्रजी पुस्तकातून नाही.

कापसाचं दुखणं माझंही आहेच, मागच्या हप्त्यात एका व्यापाऱ्यानं ओला म्हणून क्विंटलमागे पैसे कापले, त्यावर वेचणी झाली की लिहितो. मूळ लेखात तीन जागी कोट ऑफ आर्म्स होतं, तिन्ही जागी क्रेस्ट करून टाकलं. जटपुऱ्याचा फोटो मात्र सकाळी काढावा लागते, दुपारी गर्दीत उभंच राहू देत नाहीत. सोमवारी जाणं आहे, तेव्हा टाकतो.